बाईंच्या चष्म्याची डबी

संध्याकाळची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की नानांच्या घरात एक खून व्हायचा. त्याबद्दल घरात कुणाची काही तक्रार नव्हती. उलट एखाद्या दिवशी सुरुवातीच्या थोड्या वेळात कुणी मेलं नाही, तर नाना सोफ्यावर चुळबुळ करत आणि म्हणत, "आज काही मजा नाही बुवा."

खून अर्थात टीव्हीवर व्हायचा. इंग्लंडमधलं समुद्राकाठचं एक इवलंसं गाव. चार गल्ल्या, एक चर्च, एक पोस्ट आणि फुलझाडांवर जीव टाकणारी म्हातारी माणसं. दिसायला इतकं सालस गाव की तिथे कुणी कुणाला अरे-तुरेसुद्धा करत नसेल असं वाटावं. पण दर भागात तिथे एक जण मरायचा, आणि तो कसा मेला हे ज्याला ठाऊक असेल तो पाठोपाठ मरायचा. मग चिखलाचे बूट घालणारी एक ठेंगणी इन्स्पेक्टरीण यायची, सगळ्यांच्या घरी जाऊन चहा प्यायची आणि शेवटी गावाला एका दिवाणखान्यात गोळा करून खुनी दाखवायची.

नाना जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे खुनी कोण यापेक्षा त्यांना त्या गावाच्या लोकसंख्येची काळजी जास्त.

"अगं, जन्माची एकही नोंद नाही," ते म्हणत. "नुसते मृत्यूच. आणि प्रेत अजून तिथेच पडलंय तर ही बाई कारण सांगून मोकळी! आमच्याकडे एवढ्याला तीन टेबलं फिरावी लागली असती."

"तुम्ही बघा हो पुढे," बाई म्हणत.

बाई म्हणजे नानांची बायको. शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, आणि पाठीमागे नानाही. सोफ्याची डावी बाजू नानांची, उजवी बाईंची. मध्ये बिस्किटांचा डबा. दिवा मालवायचा, कारण उजेडात खून अंगावर येत नाही असं नानांचं मत होतं. बाई अंधारातच विणकाम करत. विणता विणता एका नजरेने टीव्ही बघत, आणि खुनी कोण ते त्यांना कळायचं. थोडंथोडकं नाही, दर वेळी कळायचं. कळलं की त्या एक शब्दही बोलत नसत. फक्त चष्मा काढत, डबीत ठेवत आणि डबी मिटत. टक्.

या 'टक्'ने नानांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं जाळली होती. इकडे इन्स्पेक्टरीण अजून पहिल्या घरातला चहा ढवळतेय, नानांचा संशय माळ्यावरून पाद्र्यावर आणि पाद्र्यावरून पोस्टातल्या बाईवर चाललाय, आणि उजवीकडून टक्! म्हणजे झालं. आता उरलेला भाग बाई नुसत्या सोबतीला बसणार. नाना मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत, "माळीच." बाई म्हणत, "असेल." आणि माळी कधीच नसे. नानांनी आजवर एकही खुनी पकडला नव्हता. एकदा तर त्यांनी ज्याच्यावर बोट ठेवलं, तो पुढच्याच प्रसंगात विहिरीत मरून पडलेला सापडला.

पण गेल्या वर्षभरात एक गोष्ट घडली होती. बाईंचं टक् बंद झालं होतं. नानांनी हे फार बारकाईने टिपलं होतं. भागच्या भाग संपत, बाईंच्या बाजूने चकार आवाज नाही. वय झालं बिचारीचं, नाना मनात म्हणत. पूर्वीची धार राहिली नाही. तोंडावर बोलून दाखवण्याइतके ते निर्दय नव्हते, पण बिस्किटाचा डबा पुढे करताना त्यांच्या हाताला एक प्रकारची दया येई.

नाही तरी हल्ली सगळ्याच गोष्टींचा दर्जा घसरला होता. नानांनी हा विषय जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या पिशव्या हातात असतानाही लोकांना समजावून सांगितला होता. दाराची बेल बदलली, तर नवी जुनीपेक्षा मरतुकडी. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करेनासं झालं म्हणून घड्याळजीकडे नेलं, तर त्याने ते दोनदा परत पाठवलं, वर चालतंय म्हणून हसला. कुकरच्या शिट्टीत दम उरला नव्हता. खिडकीत पाखरं येत, पण मुक्याने बसून जात. "प्रदूषण," नाना म्हणत. "पाखरांचा काय दोष!"

आणि या घसरणीत सगळ्यात पुढे होते ते इंग्लंडमधले नट.

"काय म्हणाला तो?" पूर्वी अधूनमधून येणारा हा प्रश्न नाना आता दर वाक्याला विचारत.

बाई टीव्ही थांबवत. "तो म्हणाला, की त्या संध्याकाळी तो घरी नव्हता."

टीव्ही सुरू. दोन वाक्यं होत नाहीत तोच, "आता ती काय म्हणाली?"

बाई पुन्हा थांबवत. "ती म्हणाली, तो खोटं बोलतोय."

"मग तो?"

"अहो, तो अजून काहीच म्हणालेला नाही. तोंड तरी उघडू द्या त्याला."

असं करत एक भाग दोन संध्याकाळी चालू लागला. खून आज, तपास उद्या. शाळेत एकच उदाहरण फळ्यावर चार वेळा सोडवून दाखवणाऱ्या बाई, त्यांचा संयम तुमच्याआमच्यासारखा नाही. पण त्यालाही शेवट असतो. एका संध्याकाळी गावकरी दिवाणखान्यात जमले, इन्स्पेक्टरिणीने सगळ्यांवरून नजर फिरवली, बोट उचललं, नाव घेतलं, खुनी पळाला, पडला, पकडला गेला, आणि नाना म्हणाले, "कोण?"

बाईंनी विणकाम पिशवीत भरलं.

"उद्यापासून मी समोर वकिलांकडे बघणार," त्या म्हणाल्या. हे मात्र त्यांनी नानांच्या अगदी समोर उभं राहून, शब्द शब्द सुटा करून सांगितलं. "तुम्ही इथे तुमचं बघा."

"अगं, पण..."

"मला एकदा, मरायच्या आधी, एक अख्खा भाग सलग बघायचाय."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या खरोखरच विणकामाची पिशवी घेऊन समोरच्या दारात शिरल्या. नानांनी दिवा मालवला. खून झाला. बिस्किटाचा डबा त्यांनी सवयीने उजवीकडे सरकवला आणि तो तिथेच राहिला. इन्स्पेक्टरीण चहा प्यायली, गाव गोळा झालं, कुणीतरी पकडलं गेलं. नानांना आनंद झाला नाही की दुःख झालं नाही. इतकी वर्षं आपण खून बघायला बसत नव्हतो, बाईंच्या शेजारी बसायला बसत होतो, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं आणि फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेऊन बसणारा माणूस हेडक्लार्क होत नाही. त्यांनी ठरवलं, हा दोष जिथे कुठे आहे तिथून शोधून काढायचा, दुरुस्त करायचा आणि बाईंना सन्मानाने सोफ्याच्या उजव्या बाजूला परत आणायचं.

पहिला संशय इंग्रजी भाषेवर होता. त्यासाठी वकिलांइतका अधिकारी माणूस इमारतीत दुसरा नव्हता. वकिलांनी जिन्यातच नानांना थांबवून ठेवलं आणि बाजू मांडली.

"नाना, ही माणसं ओठ न उघडता बोलतात. थंडी असते ना! तोंड उघडलं की वारा आत जातो. तुमची काही चूक नाही. खाली अक्षरं उमटतात ती सुरू करा. बाई आमच्याकडे तशीच बघतात."

"बाईंना अक्षरं लागतात?" नानांना बरं वाटलं.

"आम्हाला लागतात. बाई विणतात."

अक्षरं सुरू करण्यात एक अख्खी दुपार गेली. रिमोटवर बटणं इतकी होती की त्यांतल्या निम्म्यांना काम नसावं असं नानांचं मत झालं. एक बटण दाबलं तर माणसं हिरवी झाली. दुसरं दाबलं तर ती कुठल्याशा अनोळखी भाषेत बोलू लागली, आणि गंमत म्हणजे नानांना त्यात आणि आधीच्यात फार फरक जाणवला नाही. शेवटी दोन पर्याय समोर आले. एक साधी अक्षरं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'कमी ऐकू येणाऱ्यांसाठी'.

नाना हसले. आपल्यासाठी नसलेल्या सवलतीवर हक्क सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कार्यालयातही कुणी भलत्या रकान्यात खूण केली की ते फॉर्म परत करत. त्यांनी साधी अक्षरं घेतली.

साधी अक्षरं मागे पडत होती. पाद्री बोलून बाहेर गेला की त्याचं बोलणं खाली उमटायचं, तोवर पडद्यावर पोस्टमनचा कुत्रा आलेला असायचा. "मी तिच्यावर प्रेम केलं, पण तिला मारलं नाही," असं तो कुत्रा कळवळून सांगताना नानांनी वाचलं. प्रेताने इन्स्पेक्टरिणीला चहात साखर किती ते विचारलं. नानांनी संशयितांमध्ये कुत्र्याचं नाव घातलं, पण दोनच भागांत त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि अक्षरं बंद झाली.

दुसरा संशय टीव्हीवर. कंपनीला फोन लावला, तर आधी बराच वेळ संगीत, मग एक मुलगी. तीही पुटपुटणारी. इंग्लंडची हवा सगळीकडे पसरली होती.

"काका, तुमच्या तक्रारीचा प्रकार सांगा," ती चौथ्यांदा ओरडून म्हणाली. "चित्र येत नाही की आवाज येत नाही?"

"दोन्ही येतं. पण काय बोलतात ते कळत नाही."

"असा प्रकार नाहीये काका आमच्याकडे."

"प्रकार नाही म्हणजे? नवा रकाना काढा!"

रकाना निघाला नाही. तक्रार 'आवाज येत नाही' या सदरात गेली, आणि आलेल्या मेकॅनिकने रिमोट हातात घेऊन टीव्ही असा काही वाजवला की खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. "आवाज तर येतोय," तो म्हणाला आणि 'तक्रार खोटी' असा शेरा मारून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारणाऱ्या माणसाला स्वतःवरचा हा पहिला शेरा फार लागला. रात्री त्यांनी भाजी अर्धीच खाल्ली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. "वकिलांकडे कसं काय चाललंय?"

"सलग चाललंय," बाई म्हणाल्या आणि ताटं उचलू लागल्या. पाठमोऱ्या असताना त्या आणखीही काही बोलल्या, पण नळ सुरू होता.

मग इमारतीच्या सेक्रेटरींनी स्वतःहून लक्ष घातलं. सेक्रेटरी म्हणजे नोटीस लावण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. जिन्यात पाय पुसून या, गच्चीवर पळू नका, ही नोटीस काढू नका. त्यांचं निदान सोपं होतं. टीव्ही चपटे झाले, त्यात आवाजाला जागाच उरली नाही. त्यावर उपाय मीटरच्या खोलीत धूळ खात पडला होता. इमारतीच्या वार्षिक मेळाव्यासाठी घेतलेला, लहान कपाटाएवढा स्पीकर.

"पण असा नाही देता येणार," सेक्रेटरी म्हणाले. "लेखी अर्ज करा."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

नानांनी अर्ज केला. विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी. सेक्रेटरींनी तो त्यांच्यासमोरच वाचला, विचाराधीन ठेवला आणि चहा पिऊन झाल्यावर मंजूर केला. स्पीकर वर आणताना जिन्याच्या वळणावर अडकला, तेव्हा दोघांनी मिळून तो फिरवला आणि नानांच्या कमरेत उसण भरली. मेकॅनिकला पुन्हा बोलावून वायर जोडून घेतली. जाताजाता बेलही बघतो म्हणाला, पण त्याच्याजवळ पाना नव्हता, तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो म्हणून गेला.

ती दुसरी संध्याकाळ म्हणजे मालिकेच्या शेवटच्या भागाची. बाई पिशवी घेऊन समोर गेल्या. नानांनी दिवा मालवला, खिडक्या लावल्या आणि स्पीकरची कळ हळूहळू पिरगळली. काय सांगावं! पहिल्यांदाच पाद्र्याचं वाक्य त्यांना अख्खं ऐकू आलं. कळलं नाही, पण ऐकू आलं. त्यांचे डोळे भरून आले. आता हा भाग एकट्याने बघायचा, खुनी पकडायचा, आणि उद्या सकाळी चहाच्या वेळी बाईंना सहज सांगायचं. मग बाई परत येतील.

इकडे इमारतीत काय चाललं होतं त्याची नानांना कल्पना नव्हती. तळमजल्यावर नुकतीच एक नर्स राहायला आली होती. दिवसभराची ड्युटी करून ती पाय वर घेऊन बसली होती, आणि तिच्या छतावरून एका बाईची अशी किंकाळी आली की तिच्या हातातला कप निसटला. मागोमाग पुरुषाचं घोगरं इंग्रजी. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग शांतता, आणि मग व्हायोलिन. व्हायोलिनचा खुलासा तिला होईना, पण बाकीचं स्पष्ट होतं. तिने पोलिसांना फोन केला. चौकी कोपऱ्यावरच होती. हवालदार आले. नोटीस घेऊन सेक्रेटरी आले. पाना घेऊन मेकॅनिक आला. तिघांनी आलटून पालटून बेल वाजवली. मग दार वाजवलं. मग दार बडवलं. तोवर नर्सही वर आली होती. शेवटी समोरचं दार उघडून वकील, वकीलकाकू आणि बाई बाहेर आल्या.

"बाई, आतून कुणी उत्तर देत नाही," हवालदार गंभीरपणे म्हणाले. "घरात कोण असतं?"

"हे असतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. किल्ली पिशवीत होती, लोकरीत अडकलेली. ती ओढून काढताना लोकरीची गुंडी जिन्यावरून खाली घरंगळत गेली. कुणी ती उचलली नाही.

दार उघडलं. आत अंधार. सोफ्याच्या डाव्या बाजूला नाना ताठ, न हलता बसलेले. डोळे पडद्यावर, तोंड अर्धवट उघडं, हातात अर्धं बिस्कीट.

"अरे देवा," वकीलकाकू म्हणाल्या.

 बाई धावत गेल्या आणि त्यांनी नानांचा खांदा गच्च धरला.

नाना जे ओरडले, त्यापुढे इंग्लंडमधली ती किंकाळी काहीच नव्हती. बिस्कीट उडालं. हवालदार दोन पावलं मागे सरून सेक्रेटरींच्या पायावर उभे राहिले. दिवा लागला, आणि नानांना आपल्या दिवाणखान्यात पोलीस, वकील, नर्स, सेक्रेटरी आणि हातात पाना उगारलेला मेकॅनिक एका रांगेत दिसले.

"कोण मेलं?" नानांनी विचारलं.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, स्पीकर बंद केला, टीव्ही बंद केला. मग क्षणभर त्या सगळ्यांकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख आलं. "बसा सगळे," त्या म्हणाल्या.

हा वर्गातला आवाज होता. हवालदारसुद्धा टोपी मांडीवर घेऊन बसले.

"आधी चहा टाक," नाना सवयीने म्हणाले. इंग्लंडमध्ये तसंच करतात.

"चहा नंतर. आधी गुन्हेगार." बाई नानांच्या समोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात बोलू लागल्या. "गेलं वर्षभर या घरात एक गुन्हा घडतोय. ह्यांना टीव्हीतलं बोलणं कळत नाही. पहिला संशय इंग्रजी भाषेवर. पण परवा ह्यांना आपल्या मराठी बातम्या सांगणारी मुलगीसुद्धा पुटपुटते असं वाटलं. म्हणून इंग्रजी सुटली."

"पुरेशा पुराव्याअभावी," वकिलांनी दुरुस्ती केली.

"दुसरा संशय टीव्हीवर. त्याचा निकाल ह्या मेकॅनिकने दिलाय." मेकॅनिकने मान डोलावली. "तिसरा संशय घड्याळावर. घड्याळजीने ते दोनदा निर्दोष सोडलं. चौथा, बेलवर. हवालदार, तुम्ही बेल किती वेळ वाजवलीत?"

"बोट दुखलं बाई."

"तुम्हाला ऐकू आली?"

"मला काय, कोपऱ्यावरच्या चौकीत ऐकू गेली असेल."

नाना आता सावरून बसले होते. भाग रंगला होता. आता नाव येणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं, आणि या खेपेला आपण चुकणार नाही असंही वाटत होतं. त्यांची नजर सेक्रेटरींवर स्थिरावली.

बाई सोफ्याला वळसा घालून नानांच्या पाठीमागे गेल्या. त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि नानांच्या डोक्यामागे डबी मिटली. टक्. सगळ्यांनी माना वळवल्या. नर्स तर दचकली. एकटे नाना सेक्रेटरींकडे रोखून बघत राहिले.

"अगं, बोल ना पुढे," नाना म्हणाले.

 सगळे नानांकडे बघत होते.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

बाई पुन्हा समोर आल्या. "गुन्हेगार याच खोलीत आहे," त्या म्हणाल्या.

"मी फक्त अर्ज मंजूर केला!" सेक्रेटरी उभे राहिले.

"बसा हो. गुन्हेगार एक नाही, दोन आहेत. जुळे भाऊ. ह्यांच्या डोक्याच्या दोन बाजूंना राहतात."

नानांचे दोन्ही हात हळूहळू वर गेले आणि कानांवर जाऊन बसले. खोलीत इतकी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, म्हणजे इतरांना. वकील म्हणाले की आरोपीला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. हवालदारांनी विचारलं, "मग मी ताब्यात कुणाला घेऊ?" नर्सने कानाच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. मग चहा झाला, बिस्किटं संपली, आणि मंडळी गेली ती फार चांगला भाग बघितल्यासारखी खुशीत गेली.

नाना मात्र फुगून बसले होते.

"सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"एकटीने कितीदा सांगितलं, कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हणून."

"कधी सांगितलंस?"

"तेच म्हणतेय मी!"

नानांनी बिस्किटांचा रिकामा डबा उलटा करून बघितला. मग म्हणाले, "आणि ते टक्? मला वाटलं होतं तुझीच धार गेली. वर्षभर तुझी दया येत होती मला."

"दर भागाला वाजवत होते," बाई म्हणाल्या. "तुमचं चिडणं बंद झालं. टक्सुद्धा तुम्हाला ऐकू जात नाही हे आज कळलं, तोवर वाटत होतं, माझ्यातलं लक्षच उडालं ह्यांचं. मजाच गेली मग."

"मला वाटलं, तू माझा कंटाळा येऊन समोर गेलीस."

"कंटाळा आला होताच," बाई सोफ्याच्या उजव्या बाजूला बसत म्हणाल्या. "पण समोर तरी कुठे जीव रमतो? वकील पहिल्या प्रसंगातच आरोपीची बाजू घेतात. आणि मघाशी दार उघडलं तेव्हा..." त्या थांबल्या. "पुन्हा असं बसायचं नाही, सांगून ठेवते. मधूनमधून हलत जा."

नाना हलले, आणि थोडे उजवीकडे सरकले.

कानाच्या डॉक्टरांकडे त्यांची प्रतिष्ठा शेवटची लढाई लढली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बारीक आवाज आला की बटण दाबा म्हणाले. नाना बराच वेळ वाट बघून अंदाजाने बटण दाबू लागले. डॉक्टर बुचकळ्यात पडले, कारण आवाज नसतानाच नानांना उत्तम ऐकू येत होतं. काचेबाहेर बाईंनी नुसती मान तिरकी करून बघितलं. कॉपी करणारी पोरं त्या मानेला घाबरत. नानांनी बटण खाली ठेवलं.

यंत्रं आली. शेंगदाण्याएवढी, कानात दिसूनही न दिसणारी. त्या संध्याकाळी नाना घरभर हिंडले. घड्याळ टिकटिकत होतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो किती दिवस गळतोय कोण जाणे. खिडकीतल्या पाखरांनी तर ताळ सोडला होता. "प्रदूषण कमी झालंय," नाना म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं.

जेवणं झाली. दिवा मालवला. बाई उजवीकडे, बिस्किटांचा डबा मध्ये. नवी मालिका होती. निराळं गाव, निराळा इन्स्पेक्टर, पण मेलेला माणूस ओळखीचा. गेल्या मालिकेत पाद्री झालेला नटच तो. नानांनी त्याला मनोमन श्रद्धांजली वाहिली. मग मेलेल्याची बहीण बोलू लागली. नाना कान देऊन ऐकत होते. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. पण अर्थ? अर्थ नव्हता!

"अगं," नाना हळूच म्हणाले, "मला सगळं ऐकू येतंय, पण ती काय बोलतेय ते अजूनही कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं?" विणता विणता बाई म्हणाल्या. "फार गिळून बोलतात मेले."

नाना बाईंकडे वळले. "तुला कळत नाही? मग इतकी वर्षं मी विचारलं की तू सांगत होतीस, ते?"

"अंदाजाने सांगत होते. तुम्ही विचारलंत की काहीतरी सांगायला नको? दर वाक्याला नवं वाक्य रचायचं म्हणजे काय असतं, कल्पना आहे तुम्हाला? दमून गेले होते मी."

"म्हणजे माळी त्या संध्याकाळी घरी नव्हता, हे...?"

"देव जाणे कुठे होता!"

नानांच्या डोळ्यांसमोरून इतक्या वर्षांचे सगळे चुकलेले खुनी झरझर गेले. प्रत्येक वेळी पुरावा बायकोने पेरलेला होता. "आणि तुला कसे कळतात मग खुनी?"

"मी कुठे ऐकते? मी तोंडं बघते. वर्गात डबा कुणी चोरला ते कधी कुणी बोलून सांगतं का? आता गप्प बसा. बहिणीकडे बघा."

नाना चिडायच्या तयारीत होते. शब्द तोंडात आलेही होते. पण इन्स्पेक्टर अजून पहिल्या घरातला चहा ढवळत होता, बहीण खिडकीबाहेर बघत होती, आणि अंधारात उजवीकडून आवाज आला.

टक्.

"अगं, इतक्यात?" नाना ओरडले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना स्वतःलाही स्पष्ट ऐकू आला.